अक्कांचा कोणावर विश्वास नव्हता

बाईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते, तेवढ्यात फोन वाजला. आमच्या मारवाडी घरात आईला बाई म्हणतात. तिचा मोतीबिंदू काढला होता म्हणून मी जळगावहून धुळ्याला, माहेरी आले होते. एका हातात बाटली, दुसऱ्या हाताने तिची पापणी धरलेली, त्यामुळे फोन वाजत राहिला. पुन्हा वाजला तेव्हा उचलला. प्रमोद, माझे यजमान. म्हणाले, "ममता, अक्का गेली." मी विचारलं, "कुठे?" आज हे वाचताना कुणाला विचित्र वाटेल, पण अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, खरोखरच न सांगता कुठेही निघून जाणाऱ्या होत्या. रावेरला जाते म्हणून सांगायच्या आणि भलत्याच गावी पोचायच्या. प्रमोद काहीच बोलेनात, पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला, तेव्हा कळलं.

डिसेंबर लागला होता. आता वर्ष संपत आलंय आणि मी जळगावात, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात बसून हे लिहितेय. रडून झालं, पाहुणे येऊन गेले, तरी एक गोष्ट मनातून हलत नाही. मला धुळ्याला पाठवलं ते अक्कांनीच. एरवी मी माहेरी निघाले की 'कायले? कितीक दिस? फोनवर बोलनं नई व्हत का?' अशी उलटतपासणी व्हायची. या वेळी त्यांनीच माझी पिशवी भरून दारात ठेवली. रिक्षा आली तर फाटकापर्यंत आल्या. त्या कधीच फाटकापर्यंत येत नसत. म्हणाल्या, "तिकडंच राह्य चार दिस. इकडं काई अडत नई." मला तेव्हाच संशय आला होता... पण रिक्षावाला घाई करत होता.

संशय हा शब्द मी सहज वापरलेला नाही. अक्कांचा या जगात कोणावरही विश्वास नव्हता. त्या रावेरकडच्या, केळीच्या बागांमधल्या. नवरा लवकर गेला, शेती चुलतदिरांच्या ताब्यात गेली आणि एकुलत्या मुलाला घेऊन त्या जळगावला आल्या. तेव्हापासून असेल किंवा जन्मजात असेल, पण दूधवाल्याचं दूध त्या बोटावर घेऊन पाहत, भटजी मंत्र गाळतो का म्हणून ओठांकडे लक्ष ठेवत, आणि लग्नाच्या पत्रिकेसोबत आलेला पेढा आधी स्वतः कुरतडून मगच प्रमोदच्या हातावर ठेवत. अशा घरात मी आले. धुळ्याच्या कापड दुकानदाराची मुलगी, जैन, कॉलेजात भेटलेल्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलेली. बाबूजींनी, माझ्या वडिलांनी, त्याच दिवशी दार लावून घेतलं. अक्कांनी दार उघडलं, पण उंबऱ्यावर मला खालपासून वरपर्यंत असं पाहिलं, की मी त्यांच्या मुलासोबत आलेय की त्याच्या मागावर आलेय, हेच त्या ठरवत असाव्यात.

पहिल्याच महिन्यात मी सांगितलं, "अक्का, मी स्थानकात जाऊन येते." आमच्या पंथात मूर्ती नाही, देऊळ नाही. साधू-साध्वी उतरतात, प्रवचन होतं, माणसं सामायिकाला म्हणजे शांत बसायला जातात, त्या जागेला आम्ही स्थानक म्हणतो. अक्कांना एकच स्थानक माहीत, एसटीचं. नवी सून महिनाभरात पळाली असं समजून त्यांनी दुसरी रिक्षा केली आणि माझा पाठलाग केला. मी डोळे मिटून बसलेले, उघडले तर मागच्या भिंतीला टेकून अक्का! तोंडाला पांढरी मुखवस्त्रिका बांधलेल्या साध्वींकडे त्या रोखून पाहत होत्या. घरी येताना एकाच रिक्षात बसलो. त्यांनी विचारलं, "तोंड कायले बांधता त्या?" मी सांगितलं, बोलताना हवेतला जीव मरू नये म्हणून. त्यावर म्हणाल्या, "आन आपल्या बोलन्यानं मानूस मरते, त्याचं काय?" त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

जेवणाचा प्रश्न मोठा होता. मी कांदा, लसूण, बटाटा, वांगं खात नाही आणि दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाही. घर सोडलं तरी हे सोडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सगळं गेल्यावर तेवढंच माझं उरलं होतं. अक्कांना ते नाटक वाटे. एकदा, पहिल्याच वर्षी, माझ्यासाठी वेगळी काढलेली मुगाची डाळ त्यांनी ताटात वाढली. पहिल्या घासाला मला लसणाचा वास आला. मी ताट बाजूला सारलं, पाणी प्यायले आणि उठले. अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, मीही काही विचारलं नाही. कढईचा वास असेल, पळी बदलली असेल... पण मनाच्या आत मला पक्कं माहीत होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या घरातला प्रत्येक पहिला घास हुंगून खाल्ला. म्हणजे एका घरात आम्ही दोघी संशयी झालो.

मात्र त्या डाळीनंतरच्या थंडीत एक झालं. थंडी पडली की जळगावात गल्लीगल्लीतून भरिताची वांगी भाजल्याचा वास येतो. मोकळ्या प्लॉटवर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, वांगी भाजायची, मिरची-लसूण घालून लाकडी उखळीत ठेचायची. प्रमोदचे मित्र जमले होते. मी माझी खिचडी आधीच खाऊन घ्यायच्या तयारीत होते. तेवढ्यात अक्कांनी हाक मारली. वेगळ्या जाळावर त्यांनी कच्ची केळी भाजली होती, सालीसकट, काळी होईपर्यंत. ती सोलून हिरवी मिरची, दाणे, कोथिंबीर घालून ठेचली आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुरीबरोबर माझ्यापुढे ठेवली. "वांगं नई, लसूण नई. केळ त झाडाले लागते, जमिनीखाली नई. तुमच्या देवाले चालीन का?" मी हुंगलं. त्या माझ्या हुंगण्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "हुंग, हुंग. मीबी हुंगलं असतं." ते भरीत मी दिवस मावळायच्या आत, उभ्याउभ्या संपवलं.

वाचन हा आमच्यातला दुसरा पूल. अक्का सातवी शिकलेल्या, पण हाती पडेल ते वाचत. मी कॉलनीतल्या वाचनालयातून रहस्यकथा आणायचे. त्या आधी शेवटचं पान वाचत. का, तर "लेखक आपल्याले फसवन्यासाठीच बसेल असते." पण गुन्हेगार कोण हे कळूनही त्यांचं समाधान होत नसे. पुस्तकात जो सगळ्यात गोड बोलतो तोच चोर, असं त्यांचं ठाम मत. शेवटी दुसराच निघाला तर पुस्तक मिटून म्हणत, "लेखकाले कळलं नई." मार्गशीर्षातल्या गुरुवारी शेजारणी जमायच्या, अक्का कहाणी वाचायच्या, आणि मधेच थांबून चष्म्यावरून बघत विचारायच्या, "आता या बाईची येवढी काय चूक व्हती, सांगा बरं?" शेजारणींना प्रसादाची घाई असे. देवाची कहाणीसुद्धा त्या खात्री करून घेतल्याशिवाय पुढे सरकू देत नसत, पण चार गुरुवारांतला एकही त्यांनी कधी चुकवला नाही.

आता माझ्या माहेराचं सांगायला हवं. बाबूजी गेले ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. मोठ्या भावाने, भैयाने, फोन केला. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तू येऊ नकोस ममता. बाईने नियम घेतलाय, तुझं तोंड पाहायचं नाही." आमच्यात नियम म्हणजे प्राण गेला तरी न मोडायची गोष्ट. मी तो मान्य केला. पुढे भैयाचा फोन वर्षातून दोनदा यायचा, दिवाळीला आणि संवत्सरीला. संवत्सरीला आम्ही वर्षभरात कळत-नकळत झालेल्या अपराधांची एकमेकांकडे क्षमा मागतो. भैया सुरेख बोलायचा, 'मन, वचन, काया' वगैरे सगळं म्हणायचा. अक्का जवळच तांदूळ निवडत बसलेल्या असत. एका संवत्सरीला फोन ठेवल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"हा दरसाली माफी मांगते. पन काय केलं ते सांगत नई."

मी म्हटलं, "अक्का, ती पद्धत असते."

"असीन. आन तुझ्या आईनं नेम घेतला, तो तू तिच्या तोंडून ऐकला का?"

मला राग आला होता. माझ्या दुःखातसुद्धा यांनी चोर शोधायला सुरुवात केली, असं वाटलं. "तुझा भाऊ लई गोड बोलते," एवढंच म्हणून त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी त्या पिशवी घेऊन निघाल्या. "रावेरले जाऊन येते." त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं, पिशवीत कच्ची केळी होती. रावेरला केळी कोण नेतं? मी प्रमोदना म्हटलं. ते हसले. संध्याकाळी, उजेड होता तोवर, अनोळखी नंबरवरून फोन आला. एक आवाज, इतक्या वर्षांनी जरा चिरका झालेला, पण तोच. "ममता... दिवस बुडायच्या आत जेवलीस का?"

बाई होती. जेवले नव्हते. तसं सांगितलं तर ती म्हणाली, "मग आधी जेव. मी थांबते." फोन कानाला लावून मी दोन घास खाल्ले आणि पलीकडे माझी आई ते ऐकत बसली.

त्या दिवशी धुळ्यात काय घडलं ते मला बाईने सांगितलं, पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा. अक्का एसटीने उतरल्या, बाजारात दुकानाचं नाव विचारत आमच्या गल्लीत आल्या. गल्लीतल्या भाजीवालीने बोट दाखवलं, "हाई समोरच शे, मावशी." भैया दुकानात होता, बाई घरात एकटी. अक्कांनी स्वतःची ओळख सांगितली आणि बसायच्या आधीच विचारलं, "तुमी पोरीचं तोंड न पाहन्याचा नेम घेतला, खरं का?" बाईला काही समजेना. तिने असा कुठलाच नियम घेतला नव्हता. उलट तिला सांगितलं गेलं होतं की ममताने धर्म सोडला, अंडी-मांस सगळं खाते, माहेरची आठवण काढलेली तिला आवडत नाही.

अक्का म्हणाल्या, "दिवस बुडाल्यावर तिनं माझ्या घरात पान्याचा घोट घेतला नई."

बाई म्हणाली, "तुम्ही तिच्या सासूबाई. तिची बाजू घेणारच. मी कसं खरं मानू?"

इथे बाई सांगता सांगता थांबली होती. म्हणाली, "मला वाटलं आता चिडून उठतील. पण त्या खूश झाल्या गं. म्हणाल्या, बराबर हाये, इस्वास ठेवूच नका. मग माझ्या जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, आता मी तुमाले माझंच पाप सांगते. मी तिच्या डाळीत लसूण घातलता. मुद्दाम. पोरगी खरी का खोटी पाहाले. एका घासात उठली, उपाशी राह्यली, पन कोनाजवळ चुगली केली नई." बाई डोळे पुसत म्हणाली, "स्वतःचं पाप कोण कशाला खोटं सांगेल? तेव्हा मला पटलं." मग अक्कांनी बाईच्या स्वयंपाकघरात गॅसवर केळी भाजली, भरीत केलं आणि दोघी दिवस मावळायच्या आत जेवल्या. शेजाऱ्यांचा फोन मागून घेऊन नंबर अक्कांनीच लावून दिला.

जळगावला परत आल्यावर मी अक्कांपुढे उभी राहिले. "डाळीत लसूण होता ना?" त्यांनी पुस्तकातून मान वर केली नाही. "कोन म्हने? तुझी आई? तिले ऐकाले कमी येते." मरेपर्यंत त्यांनी माझ्याजवळ ते कबूल केलं नाही.

त्यानंतर दोघींचा रोज दुपारी फोन चाले. विषय बहुतेक औषधं, सुना आणि जगातले लबाड लोक. पण बाई जळगावला कधी आली नाही. मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. अक्का फोनवर भांडत, "मी तुमच्याकडं जेवली. तुमी माझ्याकडं पानी नई पेनार?" बाई हसायची आणि विषय बदलायची.

मी अक्कांची थोरवी सांगायला बसले नाही. त्यांच्या संशयाने मला आई परत दिली हे खरं, पण त्याच संशयाने त्यांना नेलं हेही खरं. दिवाळीत छातीत जळजळतंय म्हणत होत्या. प्रमोद दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण, हसतमुख. हृदयाच्या तपासण्या करून घेऊ म्हणाले. अक्का बाहेर येऊन चपला घालत म्हणाल्या, "लई गोड बोलते. चाल घरी." आम्ही समजावलं, रागावलो, प्रमोद एकदा ओरडलेसुद्धा. त्या ओवा चावत राहिल्या. मी धुळ्याला गेले त्याच्या आदल्या दिवशीही हात छातीवर होता, हे प्रमोदनी मला नंतर सांगितलं. मला सांगायचं नाही, अशी अक्कांची त्यांना ताकीद होती. मग मला पाठवलं का? मी दवाखान्याचा हट्ट धरीन म्हणून? की आपल्यामुळे माझं आईकडे जाणं अडू नये म्हणून? प्रमोद म्हणतात, तिला काही माहीत नव्हतं. माझा त्यावर विश्वास नाही. त्यांचाही नसावा... बोलताना ते माझ्याकडे पाहत नाहीत.

तेरावं झालं आणि दोन दिवसांनी दुपारी फाटकाशी गाडी थांबली. भैयाने बाईला हाताला धरून उतरवलं. बाई सरळ आत आली, अक्कांच्या खोलीत कॉटवर बसली आणि म्हणाली, "पाणी दे." मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. ती म्हणाली, "मी मुलीच्या घरी आले नाही. अक्काच्या घरी आलेय." मी पाणी दिलं. तिने सगळा तांब्या संपवला.

भैया बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला होता. इतक्या वर्षांत मी त्याला कधी विचारलं नव्हतं. बाई त्याच्या घरात राहते, तिच्या म्हातारपणात वितुष्ट नको, असं मनाला समजावलं होतं. पण त्या दिवशी विचारलं, "भैया, का केलंस?" तो आधी मुलींचं बोलला. त्याच्या दोन मुलींची लग्नं व्हायची होती, समाजात बोलणं झालं असतं. मी तशीच त्याच्याकडे पाहत राहिले. अक्का पाहायच्या तशी, असं प्रमोद नंतर म्हणाले. मग त्याचा तो मऊ आवाज गेला. "बाबूजींनी तुला केव्हाच आत घेतलं असतं. शेवटच्या वर्षी ते दोनदा म्हणाले, तिला बोलाव. तू आली असतीस तर... पुढे ते दार मी लावून ठेवलं होतं हे सगळ्यांना कळलं असतं."

दोनदा म्हणाले. हे मला आजवर माहीत नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. भैयाला माफ केलं का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. पण या वेळी त्याने काय केलं ते सांगितलं होतं. जाताना तो अक्कांच्या फोटोपुढे थांबला आणि म्हणाला, "यांना भेटायचं राहून गेलं." मी म्हटलं, "भेटल्या असत्या तर सुटला नसतास." तो म्हणाला, "म्हणूनच तर आलो नाही."

बाई मात्र राहिली. अजून आहे. अक्कांच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला त्यांचा देव्हारा आहे, पितळी देवांचा. सुतकात देव तसेच बसून होते. सुतक फिटल्यावर प्रमोदनी दोन दिवस पूजा केली, मग कामाच्या गडबडीत राहिली. अक्कांनी मला त्या देवांना कधी हात लावू दिला नव्हता, मूर्ती न मानणाऱ्या सुनेच्या हातून पूजा म्हणजे काय भरवसा! काल सकाळी अंघोळ करून मी देव ताम्हनात घेतले. मला मंत्र येत नाहीत. नुसतं कोमट पाणी घातलं, एकेक देव पुसून जागेवर ठेवत गेले. पुसताना सारखं वाटत होतं, मागे कुणीतरी उभं आहे आणि माझ्या हातांवर डोळे लावून आहे. शेवटी राहवेना, मान वळवली. दारात बाई उभी होती, जन्मात कधी कुठल्या मूर्तीपुढे न वाकलेली. मला वाटलं, आता काही बोलेल. ती पुढे आली, कमरेत वाकून देव्हाऱ्यात निरखून पाहिलं आणि म्हणाली,

"त्या रांगणाऱ्या बाळाच्या गुडघ्याखाली पाणी राहिलंय बघ. नीट पूस, थंडी आहे."